पानावर आहे तोवर

९ ऑक्टोबर

प्रिय भुंग्या,

हे पत्र तुझा तो फोटोग्राफर मित्र, दाढी, घेऊन येतोय. फोन लावून लावून तू दमला असशील. लागणार नाही. टॉवरही मातीखाली गेलाय, आणि कंपनीच्या ऑफिसातल्या एका फोनपुढे ही माणसांची रांग.

बातमी तुला ठाऊकच आहे, मीही ती तुमच्याच पेपरात वाचली. पण ‘डोंगर कोसळला’ असं नका रे लिहू. डोंगर कुठला? तुझ्या लहानपणी तिथे मोकळं मैदान होतं. तू तिथेच सायकल शिकलास आणि गुडघे फोडून माझ्या दवाखान्यात बोंबलत आलास. खाणीतली टाकाऊ माती वर्षानुवर्षं टाकून टाकून तो माणसांनी उभा केलाय. चार दिवस पाऊस लागून होता. परवा सकाळी, पाळी बदलायच्या वेळेला, तो हलला आणि वस्तीतल्या घरांच्या खालच्या ओळीवर येऊन बसला. फार आवाजही झाला नाही. मी ड्रेसिंगचं सामान लावत होते. वाटलं, ट्रक रिकामा करतायत. बाहेर येऊन बघते तर खालची ओळ नव्हती. पडलेली, मोडलेली असं नाही. नव्हतीच.

शाळेच्या वर्गांत आता मृतदेह ठेवतात. ओळख पटवायचं काम माझ्याकडे आलंय. इतकी वर्षं या वस्तीची नर्स आहे मी. चेहरा कळत नसला तरी कुणाच्या पोटावर कसले टाके आहेत, कुणाचा अंगठा मशीनच्या पट्ट्यात गेला होता, मला पाठ आहे. चादर वर करते, नाव सांगते, कारकून लिहून घेतो. दाराबाहेर उभी असलेली माणसं माझ्या तोंडाकडे बघत असतात.

ताईची काळजी करू नकोस. नात माझ्यापाशी झोपते. जावई रात्रपाळीला खाणीत होते म्हणून वाचले.

आता कामाचं बोलते. पहिल्या दिवशी इथे माती उपसायला एकच पोकलेन होतं आणि त्यातही डिझेल नव्हतं. काल तुमच्या पहिल्या पानावर मोठा फोटो आला आणि दुपारच्या आत चार मशिनं हजर. पाठोपाठ मंत्री आले, त्यांच्या मागे छत्री धरणारे आले. मॅनेजरसाहेब सकाळी पेपर हातात पडेपर्यंत काही ठरवत नाहीत, हे मी या डोळ्यांनी बघितलं. म्हणून एवढंच कर. ही बातमी पहिल्या पानावरून हलू देऊ नकोस. पान तूच लावतोस ना? पानावर आहे तोवर मशिनं आहेत. इथे धावत यायच्या भानगडीत मुळीच पडू नकोस. इथे हात पुष्कळ आहेत. तिथे आमचा तू एकटा.

दाढीला बळेच चहा पाजला. भला माणूस आहे. फोटो काढायच्या आधी विचारतो.

मावशी

११ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

दाढीने पत्र दिलं आणि माझ्या टेबलापाशी नुसता उभा राहिला. एरवी त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. म्हटलं, “काय रे?” तर म्हणाला, “पान नीट लाव,” आणि गेला. तुमच्याकडून आलेले सगळे असेच गप्प असतात म्हणे.

तुझं पत्र वाचून निदान तुम्ही सगळे धड आहात एवढं कळलं. दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता.

डोंगर तीन दिवस लीड होता, पहिल्या पानाची मुख्य बातमी. (हेडिंगमध्ये ‘मातीचा ढिगारा’ बसत नाही ग, ‘डोंगर’ बसतो. काय करू?) आज मात्र तो अर्ध्या पानाखाली उतरलाय. मीटिंगमध्ये संपादक रोज तेच विचारतात, “आज त्यात नवीन काय?” आकडा वाढला तर नवीन. वाढला नाही तर शिळं. आमच्या वृत्तसंपादकांचा एक हिशेब आहे: लांबचे शंभर म्हणजे जवळचे दहा, आणि जवळचे दहा म्हणजे ओळखीचा एक. ते हे म्हणतात तेव्हा सगळे हसतात. मीही हसतो. तू ऐकलं असतंस तर कान उपटला असतास.

पण मी हार मानलेली नाही. मला एक मदत कर. लोकांच्या लक्षात आकडा राहत नाही, माणूस राहतो. तू रोज तिथे आहेस, सगळ्यांना ओळखतेस. एखादी कहाणी कळव. आई आणि मुलगी असेल तर उत्तम, वाचणारा घास खाली ठेवतो. तेवढ्यावर मी बातमी आणखी दोन दिवस वर टिकवतो.

ताई माझ्यावर रागावली आहे का? तिला म्हणावं, दोन ओळी खरडायला काय जातं? हवं तर पोरीला इकडे पाठवून द्या, मी सांभाळीन. हे पत्र फाट्यापर्यंत येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. उत्तर त्याच्याच हाती दे.

भुंग्या

१३ ऑक्टोबर

प्रिय भुंग्या,

ताईला आत्ता लिहिणं जमायचं नाही. पोरगी माझ्याजवळच बरी.

कहाणी हवी म्हणतोस. घे. सलूनवाल्याची बायको आणि आई, दोघी आत आहेत. तो पाणी आणायला वर आला होता, हातात दोन बादल्या. त्याचा वस्तरा तेवढा खिशात होता. आता खोदणाऱ्या माणसांना ओळीने बसवून त्यांच्या दाढ्या करत असतो. म्हटलं, बाबा, जरा पड. तर म्हणतो, “बाई, हात थांबला की डोकं सुरू होतं.” एक म्हातारा मिस्त्री अंथरुणातच सापडला, चष्मा उशाशी नीट घडी केलेला. दोन बहिणी सापडल्या. धाकटीच्या पाठीला दप्तर होतं आणि मोठीच्या हातात धाकटीची वेणी, अर्धी घातलेली.

यातली कुठली बरी पडेल ती तू निवड. लिहिताना माझी मलाच शरम वाटली. भाजी मांडावी तशी मी ही माणसं तुझ्यापुढे मांडली. ताजी कुठली, कोवळी कुठली.

मशिनं ओळीच्या मध्यापर्यंत पोचली आहेत. शेवटच्या टोकाची सहा घरं राहिलीत, आणि तिथेच माती सगळ्यांत जास्त आहे. मॅनेजरसाहेबांची भाषा आता बदलायला लागली आहे. रोगराई पसरेल, जमीन सपाट करू, वर झाडं लावू, एक छानसा दगड उभा करू. काल मला म्हणाले, “सिस्टर, तुम्हीच लोकांना समजावा, सहा घरांसाठी किती दिवस?” मी म्हटलं, समजावते. आणि लगेच तुला लिहायला बसले.

एक आठवडा. एवढाच धरून ठेव. तुझ्या आईच्या माघारी मी तुला वाढवलं, त्याबद्दल आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागतेय असं समज.

मावशी

१६ ऑक्टोबर

मावशी,

दाढी गेला.

तुझ्यापर्यंत बातमी आलीच असेल. परवा दुपारी आमच्या ऑफिससमोरच्या दुकानांच्या इमारतीत दोघे जण बंदुका घेऊन शिरले आणि समोर दिसेल त्याला मारत सुटले. तळमजल्यावर मुलांच्या बुटांचं दुकान आहे, तिथे सगळ्यांत जास्त माणसं गेली. आम्हाला आधी फटाके वाटले. दाढी कॅमेरा उचलून जिना उतरला. पोलीस यायच्या आधी तो आत होता. त्याला नेहमी सगळ्यांच्या आधी आत जायचं असायचं.

त्याच्या पाच मिनिटं आधी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. डोंगर आतल्या पानावर न्यायचं मीटिंगमध्ये ठरलं होतं. दाढीने सगळ्यांसमोर माझी कॉलर धरली. म्हणाला, “आत नेलास तर जन्मभर पस्तावशील.” मी म्हटलं, “का? तुझा फोटो आहे म्हणून?” त्याने कॉलर सोडली. माझ्याकडे असं बघितलं, कीव करावी तसं. मग गोळ्यांचा आवाज आला. आमचं शेवटचं बोलणं ते.

काल मी त्या बुटांच्या दुकानासमोरून घरी गेलो. फुटपाथ धुतलाय, पण फरशांच्या फटी धुतल्या जात नाहीत. लोकांनी भिंतीला टेकवून फुलं ठेवली आहेत, कंबरेइतकी उंच. अनोळखी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात.

आता जे लिहितोय त्याचा राग मानू नकोस. डोंगर आजपासून सातव्या पानावर आहे, एक कॉलम. मी नेला. मला कुणी भाग पाडलं नाही. तुलना करू नये हे कळतं मला. मेलेला तो मेलेलाच. पण तिकडे माती घसरली, मावशी. इथे माणसांनी माणसांच्या डोळ्यांत बघून चाप ओढला. पोरं बूट घालून बघत होती ग. हे आणि ते एका मापाने मोजता येत नाही. आज माझ्या वाचणाऱ्याला दुसरं काही दिसत नाहीय आणि मलाही दिसत नाहीय.

सहा घरांसाठी तू एक आठवडा मागितलास. मी नाही देऊ शकलो. तुम्ही सगळे जिवंत आहात, एवढ्यावर मी सध्या उभा आहे.

भुंग्या

१९ ऑक्टोबर

भुंग्या,

दाढी गेला हे वाचलं आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले ती बसलेच. इथे तो आला तेव्हा त्याच्या बुटात माती गेली होती. जाताना बूट झटकायला लागला आणि एकदम थांबला. माती कुणाची आहे हे लक्षात आलं असेल. तसाच बूट घालून गेला. त्याच्या आईला सांग हे. किंवा नको सांगू. तुला सुचेल तसं कर.

मशिनं परवा सकाळी गेली. तुमचं सातवं पान साहेबांनी बघितलं की नाही मला ठाऊक नाही. पहिलं बघितलं, एवढं खरं.

माती घसरली म्हणतोस. उन्हाळ्यात ढिगाऱ्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, तेव्हा आपले जावई आणखी चौघांना घेऊन साहेबांकडे गेले होते. साहेब म्हणाले, “एवढी भीती वाटते तर घरं सोडा, घ्यायला रांग लागली आहे.” डोळ्यांत बघूनच म्हणाले. हातात बंदूक नव्हती एवढंच. पण मला तुझ्याशी वाद घालायचा नाही. त्या बुटांच्या दुकानातल्या पोरांची आई माझ्यासमोर आली तर मी तिला काय सांगणार? माझं जास्त आहे, तुझं कमी? आम्ही दोघी एका बाकावर बसू, दुसरं काय.

आता ऐक. बसून वाच.

ताई त्या सहा घरांत आहे. टोकाकडून दुसरं घर. पोरीला खोकला होता म्हणून आदल्या रात्री ती माझ्याकडे ठेवली होती. ताई सकाळी तिला न्यायला येणार होती. मी तुला लिहिलं, ताईची काळजी करू नकोस. खोटं लिहिलं नाही, पण तू काय समजशील हे मला ठाऊक होतं. तेच तू समजलास.

का लपवलं? कारण तू उठून आला असतास. तुझ्या खुर्चीवर दुसरा बसला असता आणि त्या दुसऱ्याची मावशी इथे नसती. सगळं डोकं लावून ठरवलं मी, रडायच्या आधी. दाढीला कळलं होतं, जावयांनी त्याच्यासमोरच हंबरडा फोडला. मी त्याला पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तो शब्दाला जागला. आता तुला कळेल तो कॉलर का धरत होता.

रोज शाळेत चादर वर केली आणि ती नाही हे दिसलं की सुटल्यासारखं वाटायचं. आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, असायला हवी होती. आता वर करायला चादरीच येत नाहीत.

माझं चुकलं की बरोबर होतं, हे मला लिहू नकोस.

मावशी

२१ ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र वाचून मी बॅग भरली. कपडे भरले की काय भरलं आठवत नाही. रजेची चिठ्ठी द्यायला संपादकांकडे गेलो आणि दारातच मला रडू फुटलं. त्यांनी दार लावलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. त्यांचेही डोळे भरले. बराच वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले. मग हात काढला आणि म्हणाले, “लिही. उद्याचं नाही, रविवारचं पहिलं पान तुझं. तुझ्या नावाने. बहिणीचा फोटो हवा, हसतानाचा.”

मी म्हटलं, घरं सहा आहेत. ते म्हणाले, “सहा कुणी वाचत नाही रे. एक वाचतात.”

ते वाईट नाहीत, मावशी. मी तुला अकरा तारखेला याच अर्थाचं लिहिलं होतं. आई आणि मुलगी असेल तर उत्तम. ते वाक्य आठवलं की मला माझे हात तोडून टाकावेसे वाटतात.

लिहिलं तर मशिनं परत येतील, हे नक्की. त्यासाठी मला ताईला विकायला काढावं लागेल, हेही नक्की. मी लिहू का? तू नाही म्हणालीस तर तसाच निघून येतो.

भुंग्या

२३ ऑक्टोबर

भुंग्या,

लिही.

फोटो याच पाकिटात आहे. जावयांनी काढलेला. त्यांच्या पाकिटात असायचा म्हणून राहिला. तिचा पुढचा दात तुटका, त्यामुळे हसताना तोंडावर हात घ्यायची. तुला माहीत आहे, तुझ्याच चेंडूने तुटला. या फोटोत विसरली हात घ्यायला. तुमचे लोक तो दात सारखा करून छापतील, तसं करू देऊ नकोस.

बाकीच्या पाच घरांतली सगळी माणसं लिही. रडगाणं कमी लिही. आणि पोरीविषयी एक अक्षर नको. ती मोठी होईल, वाचेल.

आत्ता येऊ नकोस. छापून येईपर्यंत तिथेच थांब, कुणी काही कापू नये म्हणून. दाढीच्या आईकडे जाऊन ये. बोलायला काही नसलं तरी जाऊन बस.

मावशी

८ नोव्हेंबर

प्रिय भुंग्या,

टॉवर पुन्हा उभा राहिला, तुझे फोनही येऊन गेले. मी उचलले नाहीत. हे फोनवर बोलवत नाही.

तुझा लेख इथे सगळ्यांनी वाचला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सलूनवाल्याने वाचून दाखवला. चांगला लिहिला आहेस. दात होता तसा आला. पाच घरांची माणसंही आली होती, शेवटच्या चार ओळींत, लहान अक्षरांत. तू भांडला असशील, मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी दोन मशिनं आली, टीव्हीच्या गाड्या आल्या. इंजिनियर उतरला तो तुमचा पेपर हातात घेऊनच. फोटोवर बोट ठेवून विचारलं, “ही बाई कुठे राहत होती?” सलूनवाल्यानेच हात करून दाखवलं. त्याचं घर ताईच्या घराला लागून, टोकाचं. मशीन सरळ ताईच्या घरावर लावलं. तिसऱ्या दिवशी ती मिळाली. दाराजवळ होती. बाहेर पडायला निघाली असावी. चादर मीच वर केली. कारकुनाने सवयीने विचारलं, “नाव?” मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं. कॅमेरे चालू होते. जावयांनी माझ्या पुढे उभं राहून पाठ केली त्यांच्याकडे, म्हणून माझं तोंड कुठे आलं नाही.

आम्ही तिला निरोप देऊन परत आलो तर मशिनं ट्रेलरवर चढवत होते. मी धावले. ऑपरेटरला म्हटलं, अहो, अजून पाच घरं आहेत, भिंतीला भिंत आहे, दोन हात सरका. पोरगेलासाच होता, त्याला काही कळेना. म्हणाला, “पण आजी, तुमची मिळाली ना?”

तुमची मिळाली.

वस्तीत मला कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. नळावर गेले की बायका बाजूला होतात, मला आधी भरू देतात. सलूनवाल्याला म्हटलं, माझ्याकडे बघवत नसेल तुला. तर म्हणाला, “तसं नाही बाई. तुमचं नशीब, तुम्हाला भाचा होता.” टोमणा नव्हता रे. पाऊस थांबला असं सांगावं तसं म्हणाला.

फोनवर तुझा मेसेज बघितला, आता पुढचा लेख सलूनवाल्यावर लिहू का. काय लिहिणार? परवा मी त्याला विचारलं, बायकोचा एखादा फोटो आहे का तुझ्याकडे. म्हणाला, एकच होता, घरात भिंतीवर.

तुझ्यावर राग नाही. फोटो मी पाठवला, तू लिहिलंस, मला माझी लेक मिळाली. रात्री झोप लागते आणि झोप लागते याची लाज वाटते. आता आम्ही सलूनवाल्याच्या घरावर खणतोय. जावई पाळी सुटली की येतात, मी दवाखाना बंद करून जाते. माती बादलीने काढायची, लांब नेऊन टाकायची. दिवसाला खाटेएवढा खड्डा होतो, त्यातला निम्मा कडेची माती ढासळून भरतो. आधी तिघंच होतो. गेल्या रविवारी पाणी भरू देणाऱ्या त्या बायका आल्या. पदर खोचले, बादल्या उचलल्या.

तेव्हा तुला येऊ नकोस म्हटलं होतं. आता रजा काढ आणि ये. कॅमेरा, वही काही नको. फावडं आण, मजबूत दांड्याचं.

मावशी